एकटीने रतनगड: पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेवरून परतले, आता मुक्कामाला जायचं आहे

रानजाई (डोंबिवली), सोमवार, रात्री १०:४०

गेली सहा वर्षं सह्याद्रीत फिरते आहे, पण कायम कुणाच्या तरी मागे. पुढे लीडर, सगळ्यात शेवटी एक अनुभवी माणूस आणि मधे आपण. वाट कुठे वळली हे बघायची वेळच येत नाही. यंदा दिवाळीनंतर ठरवलं, एक शनिवार-रविवार एकटीने जायचं. आपलं ओझं आपण वाहायचं, रात्री गडावर राहायचं. भंडारदऱ्याजवळचा रतनगड निवडला, कारण तो आधी दोनदा झाला होता आणि वाट पाठ आहे अशी माझी खात्री होती.

तयारी मनापासून केली. महिनाभर रोज ऑफिसातून आल्यावर बॅगेत पाण्याच्या बाटल्या भरून बिल्डिंगचे सात मजले दोनदा चढले-उतरले. तंबू गच्चीवर दिवे बंद करून लावून बघितला. तीनदा चुकला, चौथ्यांदा जमला. आईला एका कागदावर सगळं लिहून दिलं: कुठली गाडी, कुठलं गाव, कुठली वाट, परत कधी, आणि रविवारी रात्री ९ पर्यंत माझा फोन आला नाही तर कुणाला फोन करायचा. आईने तो कागद देवघरात ठेवला. बॅग भरली नऊ किलोंची, त्यातलं तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो. स्टोव्ह घेतला नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली रताळी, खजूर आणि गूळ.

शनिवारी पहाटेची कसारा लोकल पकडली. कसाऱ्याला जीप भरेपर्यंत पाऊण तास गेला. घोटीला उतरून शेंडीची गाडी, आणि शेंडीत रतनवाडीची जीप माणसं जमेपर्यंत सुटेना. रतनवाडीत पाय ठेवला तेव्हा साडेबारा वाजले होते. आईच्या कागदावर मी अकरा लिहिले होते. खरी चूक तिथेच झाली. ग्रुपची गाडी आपण म्हणू तेव्हा निघते, वडाप म्हणजे माणसं भरल्यावरच सुटणारी जीप तशी निघत नाही, आणि मी एकटीचा हिशेब ग्रुपच्या गाडीवर मांडला होता.

वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली, वर राहू का म्हणून विचारलं. "एकट्याच?" असं त्यांनी दोनदा विचारलं आणि वहीत नाव, फोन, घरचा फोन लिहून घेतला. अमृतेश्वराच्या देवळाजवळ एका मावशींकडे चहा घेतला, उद्या दुपारी परत इथेच येते म्हणून त्यांना सांगितलं. निघाले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

घरून निघतानाच एक नियम केला होता: साडेचारच्या आत गडाच्या कड्यावरच्या शिड्यांच्या पायथ्याशी पोचले नाही तर मागे फिरायचं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यात रतनवाडीच्या पश्चिमेला गडच उभा आहे, त्यामुळे त्या बाजूच्या रानात ऊन त्याच्या कितीतरी आधी जातं.

सुरुवातीला प्रवरेच्या पात्रातून गोट्यांवरून जायचं. पाणी घोट्याएवढंच होतं. मग दाट झाडी लागली. एकटीने चालताना कानाला किती काम लागतं ते पहिल्यांदा कळलं. आपल्याच बॅगेच्या पट्ट्याची करकर मागून कुणी येतंय अशी वाटते. तासाभरानं जीव जरा स्थिरावला, आणि बहुधा तिथेच माझं लक्ष सुटलं. एक वाट गडाकडे वळते आणि एक कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजे पुढे हरिश्चंद्रगडाकडे जाते. मी त्या फाट्यावरून सरळ निघून गेले. वाट रुंद, मळलेली, छान. खूप वेळ चालल्यावर वाटलं, आत्तापर्यंत छातीवरचा चढ लागायला हवा होता. मग स्वतःला विचारलं, वाट दाखवणारा शेवटचा बाण कधी दिसला? उत्तर नव्हतं.

खाली बसले, पाणी प्यायले, गूळ खाल्ला आणि मगच फोनमधला नकाशा उघडला. नकाशा आधी उतरवून ठेवलेला होता म्हणून दिसला, रेंज शून्य. वाट चुकलेच होते. परत फाट्यावर आले तेव्हा तीन पन्नास झाले होते. तिथून शिड्या माझ्या चालीने तासाभराच्या, म्हणजे पाच वाजणार. हेडटॉर्च होता, पाणी होतं, पाय दुखत नव्हते. त्या दगडावर मी दहा मिनिटं बसून होते. ग्रुपमध्ये कुणीतरी "चला" म्हणतं आणि आपण निघतो. इथे "चला" म्हणणारी मी आणि "थांब" म्हणणारीही मीच. शेवटी एकाच गोष्टीवर निकाल लागला. साडेचारचा नियम मी घरी शांत डोक्याने केला होता, आणि तो मोडायला निघालेलं डोकं दमलेलं होतं, खट्टू झालेलं होतं.

परत फिरले. वाटेत रडू आलं, ते लपवत नाही.

मावशींनी अंगणात तंबू लावू दिला. भाकरी आणि पिठलं दिलं, पैसे घ्यायला तयार नव्हत्या, ते बळेच द्यावे लागले. रात्री गारठा असा की दोन मोजे घालूनही पाय गरम होईनात. तंबूच्या कापडाला आतून दव धरलं होतं. रविवारी उजाडताना तंबू तिथेच ठेवून हलक्या बॅगेने निघाले. फाट्यावर थांबून दोन्ही वाटांचे फोटो काढले. शिड्या, गणेश दरवाजा, रत्नादेवीची गुहा आणि तिच्याशेजारची मुक्कामाची मोठी गुहा. अकरा वाजता मी नेढ्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात बसले होते. कोकणातून येणारा वारा त्या भोकातून असा घुसतो की टोपी हातात धरावी लागते. एकीकडे भंडारदऱ्याचं पाणी, दुसरीकडे अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाई. आजूबाजूला माणूस नाही. अर्धा तास बसले. सहा वर्षांत कुठल्याही माथ्यावर मी अर्धा तास गप्प बसलेले नव्हते.

येताना कसाऱ्यावरून साडेसातला आईला फोन केला.

जानेवारीत पुन्हा जायचं आहे, या वेळी वर मुक्काम करायलाच. शनिवारी मागे फिरले ते बरोबर केलं का, हा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. एकट्याने गुहेत रात्र काढलेल्यांनी लिहावं, खास करून रात्रीबद्दल.

वाटाड्या (मुलुंड), सोमवार, रात्री ११:२५

लिखाण आवडलं. पण माझं मत वेगळं आहे. फाट्यापासून पुढची वाट ठळक आहे, शिड्यांना कठडे आहेत, हेडटॉर्च होता. पाचला शिड्या म्हणजे साडेपाच-पावणेसहाला गुहेत. उजेड पुरला असता. तुम्ही दोनदा गेलेल्या आहात. मी असतो तर गेलो असतो, आणि तुम्ही गेला असतात तर आज मुक्काम करूनच लिहीत असता. नियम हवाच, पण जागेवर बघून थोडं पुढेमागे करता आलं पाहिजे.

जुना भटक्या (गिरगाव), मंगळवार, सकाळी ६:५०

वाटाड्या, तुमचा हिशेब बरोबर आहे. फक्त तो काहीच न बिघडण्याचा हिशेब आहे.

मी सत्तरच्या दशकात डोंगरात जायला लागलो. तेव्हा आम्ही शेंडीहून लाँचने जलाशय ओलांडून रतनवाडीला जात असू. एकदा आम्ही दोघे असेच उशिरा निघालो. आमचाही हिशेब होता, उजेड पुरेल. शिड्यांच्या खाली मित्राचा पाय दगडात अडकून मुरगळला. मोडला नव्हता, नुसता मुरगळला. पण वर जाता येईना आणि खालीही येता येईना. संध्याकाळी सातपासून पहाटे पाचपर्यंत आम्ही एका झाडाच्या बुंध्याला टेकून बसलो. घामाने भिजलेले सदरे अंगावर, थंडी डिसेंबरचीच. मित्राचे दात वाजायचे थांबले तेव्हा मी घाबरलो, कारण तोवर निदान ते वाजत होते. माझा सदरा त्याला घातला आणि रात्रभर त्याला बोलतं ठेवलं.

आम्ही दोघे होतो, रानजाई. तुम्ही एकट्या होतात. त्या दगडावर बसलेली दहा मिनिटं हा तुमच्या दोन दिवसांतला सगळ्यात अवघड ट्रेक होता आणि तो तुम्ही नीट पार पाडलात.

जाता जाता, अमृतेश्वर बघितलंत की नुसता चहाच घेतलात? गोदावरी ते भीमा या पट्ट्यात नद्यांच्या उगमांजवळ शिलाहार राजा झंझ याने बारा शिवमंदिरं बांधली असं मानतात. हे त्यातलं एक, प्रवरेच्या उगमाचं. सकाळची तिरपी उन्हं भिंतींवर पडतात तेव्हा त्यावरचं नक्षीकाम उठून दिसतं. पुढच्या वेळी तासभर राखून ठेवा.

निवडुंग (ठाणे), मंगळवार, दुपारी १:१५

मी डॉक्टर आहे, डोंगरातही जातो, म्हणून दोन शब्द.

काकांनी सांगितलेली गोष्ट नेहमीची आहे. चढताना आलेला घाम थांबल्याबरोबर शरीराची उष्णता खेचून नेतो. मुक्कामी पोचल्यावर पहिलं काम चहा नाही आणि फोटोही नाही, कोरडा बनियन घालणं हे पहिलं काम. बॅगेत एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि मुक्कामी पोचेपर्यंत त्याला हात लावू नका.

शिट्टी गळ्यात अडकवा, बॅगेत नको. डोंगरात मदत मागायची रूढ खूण अशी आहे: एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. रात्री टॉर्चनेही हेच करता येतं. आवाजाने ओरडत राहिलात तर पंधरा मिनिटांत घसा बसतो.

साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर आपल्याकडचं प्रतिविष चालतं. चापड्यावर, म्हणजे बांबूच्या बेटांत दिसणाऱ्या हिरव्या सापावर, ते चालत नाही. पण चावलेला साप कुठला हे ठरवत बसू नका. चिरू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका. हात-पाय हलवायचा नाही आणि लवकरात लवकर रुग्णालय गाठायचं. एकट्याला इथेच अडचण येते, कारण चालावंच लागतं. म्हणून सगळा भर चावू न देण्यावर. घोट्याच्या वर येणारे बूट, दगडावर हात टेकण्याआधी बघणं, अंधारात काठी आपटत चालणं, सकाळी बूट झटकून घालणं.

'महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर'चा नंबर फोनमध्ये आणि आईच्या कागदावर, दोन्हीकडे असू द्या. ११२ आहेच. रेंज नसताना तो कागदच कामाला येतो.

वाटाड्या (मुलुंड), मंगळवार, संध्याकाळी ७:०५

काकांची पोस्ट दोनदा वाचली. मी पंचविशीत बरंच काही एकट्याने केलं आणि प्रत्येक वेळी निभावलं. निभावलं म्हणून ते बरोबर होतं असं मी धरून चाललो होतो. तुमचा निर्णय बरोबर होता, ताई. काल लिहिलेलं मागे घेतो.

वाटेबद्दल मात्र थोडी भर घालतो. प्रत्येक फाट्यावर पुढे गेल्यावर एकदा मागे वळून बघा. उतरताना तोच देखावा दिसणार असतो, चढतानाचा नाही. गडाच्या वाटा उतरताना चुकतात त्या यामुळेच. आणि दहा मिनिटांत नवा बाण दिसला नाही तर शेवटच्या बाणापर्यंत परत यायचं. ढोरवाटा सुरुवातीला मुख्य वाटेपेक्षा रुंद असतात, हे तर आहेच.

मुख्य म्हणजे शुक्रवारी ऑफिस सुटल्यावरच निघा. रात्री कसारा किंवा घोटीला झोपा, नाहीतर थेट गावात. शनिवारी सकाळी सातला चढायला लागलात की घड्याळाशी भांडावं लागत नाही.

साधीसुधी (बोरिवली), मंगळवार, रात्री ९:३०

हा धागा कालपासून मनात घोळतोय. मला डोंगराची भीती वाटत नाही, माणसांची वाटते. जीपमध्ये सगळे पुरुष असतात, गावात कुणी ओळखीचं नसतं, रात्री वर कुणी दारू पिऊन आलं तर? घरच्यांनाही तेच वाटतं. रानजाई, तू हे कसं निभावलंस? आणि पाळीच्या दिवसांत, शौचाला वगैरे?

रानजाई (डोंबिवली), मंगळवार, रात्री ११:५०

साधीसुधी, भीती मलाही होती, अजून आहे. मी काय केलं ते सांगते. जीपमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, एका बाईंच्या शेजारी बसले. "कुठं चाललात" या प्रश्नाला "रतनवाडीत मावशींकडे" असं उत्तर दिलं, एकटी गडावर चालले आहे असं सांगितलं नाही. गावात मात्र उलट केलं. तिथे बायकांना सगळं खरं सांगितलं. विहिरीवर दोन बायकांशी बोललीस की संध्याकाळपर्यंत गावाला माहीत असतं की पोरगी वर गेली आहे आणि उद्या येणार आहे. एवढं संरक्षण मला मुंबईत रात्रीच्या शेवटच्या लोकलमध्येही वाटत नाही. वर कुणी नको असलेलं दिसलं तर खाली यायचं, म्हणूनही मुक्कामी दिवसाउजेडी पोचायचं.

शौचासाठी बागकामाची छोटी लोखंडी खुरपी नेते. पाण्यापासून आणि वाटेपासून लांब, वीतभर खड्डा, वर माती. कागद आणि पॅड पुरायचे नाहीत, जनावरं उकरतात. दोन पिशव्यांत बांधून घरी आणायचे. दिवस जवळ आले असतील तर मी तारीख पुढे ढकलते, कारण पाणी मोजकं असतं.

काका, अमृतेश्वर घाईत बघितलं. पुढच्या वेळी नक्की. डॉक्टर, वाटाड्या, मनापासून आभार. शुक्रवारी निघण्याचं पटलं.

कातळकोरी (कळवा), बुधवार, सकाळी ११:१०

रतनगडाच्या त्या गुहेत मी तीनदा राहिलो आहे, एकदा एकटा. तिथे रात्री येणारा पाहुणा म्हणजे उंदीर. माणसाला काही करत नाहीत, पण बॅग कुरतडतात. खाण्याचं सगळं एका पिशवीत घालून ती दोरीने उंच टांगायची. बॅगेच्या सगळ्या चेन उघड्या ठेवायच्या, म्हणजे आत यायला त्यांना कापड फाडावं लागत नाही. अत्तर, डिओ लावून जायचं नाही. आग्या मोहोळं उग्र वासाने आणि धुराने उठतात.

स्टोव्ह नेला नाही ते फार चांगलं केलंत. पुष्कळ जण छोटं सिलिंडर बॅगेत टाकून लोकलमध्ये बसतात. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली ज्वालाग्राही वस्तू नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी खच्चून भरलेल्या डब्यात गॅस घेऊन उभं राहणं मला पटत नाही. शेकोटीचंही तसंच. हा सगळा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे आणि अभयारण्यात आग लावायला बंदी आहे. डिसेंबरनंतर गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी अख्खा उतार घेऊन जाते. मी असा जळलेला उतार बघितला आहे. काळ्या खुंटांमधून चालताना घशात राख जात होती आणि पक्ष्याचा एक आवाज नव्हता.

मुक्कामाचे नियम बदलत असतात. नाक्यावर प्रत्येक वेळी नव्याने विचारा, नाही म्हणाले तर गावात राहा. गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांमधलं पाणी जानेवारीत असतं, पण गाळून, उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकूनच प्या. थेंब टाकल्यावर अर्धा तास थांबायचं.

आणि रात्रीबद्दल. पहिली झोप नऊला लागते, एकला जाग येते. एक ते तीन हे दोन तास जड जातात. त्या वेळी उठून काही ठरवायचं नाही. पाणी पिऊन परत आडवं व्हायचं.

रानजाई (डोंबिवली), तीन आठवड्यांनंतर, सोमवार, रात्री १०:१५

जाऊन आले.

शुक्रवारी ऑफिसातून थेट निघाले, रात्र घोटीला काढली. शनिवारी सकाळी गावात पोचून आधी अमृतेश्वर बघितलं, काका, पूर्ण एक तास. तिरप्या उन्हात भिंतीवरची एकेक रेघ मोजता येत होती. नाक्यावर परवानगी मिळाली, वहीत नाव लिहिलं. मावशींनी ओळखलं. फाट्यावर बरोबर वळले, वळल्यावर मागे बघितलं. दीडला गुहेत होते. कोरडा बनियन घातला आणि मग दशमी खाल्ली. दुपारी कल्याणचा एक गट वर होता, ते चारला उतरले. त्यानंतर कुणी आलं नाही.

सूर्य कोकणात बुडाला तेव्हा मी नेढ्यापाशी होते. अंधार पडायच्या आत गुहेत परतले. उंदीर साडेनऊलाच आले. पिशवी टांगलेली होती, बॅगेच्या चेन उघड्या होत्या, फिरून गेले. एकला जाग आली, अगदी लिहिलं होतं तशी. दोनच्या सुमारास बाहेर दगड घरंगळल्याचा आवाज झाला. मी शिट्टी मुठीत धरून बसून राहिले, घड्याळात बघत. सात मिनिटं काही झालं नाही. मग माझाच श्वास ऐकू यायला लागला आणि तो हळूहळू लांब होत गेला. पाणी प्यायले, आडवी झाले. कधी झोप लागली कळलं नाही. जाग आली तेव्हा गुहेच्या तोंडातून भंडारदऱ्याचं पाणी दिसत होतं, आधी राखाडी, मग हळूहळू गुलाबी. माकडांचं टोळकं कातळावर बसलं होतं. दगड त्यांनी पाडला की आणखी कुणी, ते कळायला मार्ग नाही.

उतरताना पुन्हा तो दगड लागला, मागच्या वेळी बसले होते तो. पाच मिनिटं बसले, खजूर खाल्ले, निघाले.

आईला कागद परत मागितला तर म्हणाली, असू दे तिथेच, पुढच्या वेळी फक्त तारीख बदल.

साधीसुधी, टाकी आटायच्या आत, फेब्रुवारीच्या सुरुवातीला तुला जायचं असेल तर आधी माझी बॅग पाठीला लावून बघ, तुझ्या उंचीला बसते का ते. एखाद्या संध्याकाळी ठाण्याला भेटू. स्लीपिंग बॅगही देते, माझी धुऊन वाळत घातली आहे.